दिवाळीआधीचा एक वीकेंड: ओली भिंत, गळका नळ, कामट्यांचा कंदील आणि अनारशाचं पीठ

दिवाळीची कामं दरवर्षी धनत्रयोदशीच्या रात्रीपर्यंत रेंगाळतात याला आळस कमी आणि क्रम जास्त कारणीभूत असतो असं माझं स्पष्ट मत आहे. होतं काय, शनिवारी सकाळी उत्साहात माळा उपसायला घेतला जातो, दुपारपर्यंत हॉलभर पसारा, मग कुणाला तरी आठवतं की खिडकीखालच्या भिंतीचे पापुद्रे काढायचेत, संध्याकाळी पुट्टी लावली की ती रात्रभर वाळणार, रंग पुढच्या आठवड्यावर, आणि तोवर पोह्यांना ऊन दाखवायचं राहूनच गेलेलं असतं. खरं बघायला गेलं तर यातल्या कुठल्याच कामाला हात फार वेळ लागत नाहीत. पुट्टीचा एक हात अर्ध्या पाऊण तासात होतो. वेळ लागतो तो वाळायला, भिजायला, मुरायला. त्यामुळे वीकेंडचा सगळा प्लॅन वाळण्याच्या वेळेवरून करायचा, सगळ्यात उशिरा वाळणारं सगळ्यात आधी, आणि ते वाळत असताना मधल्या रिकाम्या तासांमध्ये बाकीचं. खाली सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

वीकेंड कुठला धरायचा? कोजागरीनंतरचा. कोजागरी ते वसुबारस साधारण १२ दिवस मिळतात, म्हणजे मधला एखादा शनिवार-रविवार आरामात सापडतो, आणि ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उलटला की मुंबई-पुण्याकडे पाऊस बहुतेक आटोपलेला असतो. बहुतेक म्हणतोय कारण परतीचा पाऊस दुपारी चार वाजता ढग दाटून कधीही हजेरी लावतो, तेव्हा उन्हात ठेवलेली वस्तू तीनच्या आत घरात, हा नियम. ऑक्टोबर हीटला आपण सगळेच शिव्या घालतो पण वाळवणाला असं कडक, कोरडं ऊन वर्षात पुन्हा मिळायला मार्च उजाडतो. कोकणात किंवा मुंबईत राहात असाल तर हवेतच दमटपणा असतो, तिथे मी दिलेल्या वाळायच्या वेळा थोड्या सैल धरा.

बुधवार-गुरुवार: वीकेंडच्या आधीच सुरुवात

बुधवारी सकाळी ऑफिसला निघायच्या आधी अनारशांचे तांदूळ भिजत घालायचे. जुना जाडा तांदूळ घ्या, नवा नको, नव्याचं पीठ चिकट होतं. दोन वाट्या पुरतात पहिल्यांदा करत असाल तर. दोनतीनदा धुवून भरपूर पाण्यात ठेवा आणि रोज पाणी बदला, हे विसरलात तर शनिवारी झाकण उघडल्यावर वासच सांगेल. बुधवार सकाळ ते शनिवार सकाळ असे तीन दिवस बरोबर भरतात.

गुरुवारी रात्री भिंतीची परीक्षा. पावसाळ्यात ज्या भिंतीला ओल आली होती, पापुद्रे सुटलेत किंवा पांढरी खारट भुकटी येतेय, ज्याला लोणा लागला म्हणतात, तिथे दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा. अजिबात फट नको. पापुद्र्यांवर टेप धरत नाही, तेव्हा टेपेपुरत्या कडा आधी खरवडून घ्या. शनिवारी सकाळी काढून बघायचं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल अजून भिंतीच्या पोटात आहे. आतून कोरडं असेल तर काम करायला हरकत नाही. बाहेरच्या बाजूला थेंब असतील तर तो खोलीतला दमटपणा, खिडक्या उघड्या ठेवा आणि पंखा लावा.

एवढी साधी गोष्ट कुणी करत नाही आणि मग दरवर्षी त्याच जागेवर पुट्टी, त्याच जागेवर रंग, आणि पुढच्या जुलैत तेच पापुद्रे. पुट्टीने ओल थांबत नाही हो. पुट्टी भिंत गुळगुळीत करते, बस. पाणी कुठून येतंय ते शोधायला हवं, पलीकडे बाथरूम आहे का, वरच्या मजल्यावरचा पाइप गळतोय का, बाहेरच्या प्लास्टरला चीर आहे का. बाहेरची चीर असेल तर तो सोसायटीचा विषय, मीटिंगमध्ये फोटो दाखवा आणि गच्चीचं, बाहेरच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग आत्ता कोरड्या दिवसांत करून घ्या म्हणावं, मे महिन्याच्या शेवटी सगळ्यांना एकदमच जाग येते आणि तेव्हा मजूर मिळत नाहीत.

शुक्रवार संध्याकाळ: एकच फेरी

हार्डवेअरच्या दुकानातून: व्हाइट सिमेंटवाली पुट्टी ५ किलो, लोखंडी पत्रा म्हणजे पुट्टी पसरायची पट्टी, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर अर्धा लिटर, लागणाऱ्या रंगाचा इमल्शन १ लिटर, रोलर, ब्रश, मास्किंग टेप, सिलिकॉनची ट्यूब आणि तिची गन (गन शेजारी कुणाकडे तरी असतेच, विचारा आधी), टेफ्लॉन टेप, अर्ध्या इंची नळाचे वॉशर दोनतीन, इन्सुलेशन टेप. बाजारातून: पातळ पोहे अर्धा किलो, डाळं, शेंगदाणे, सुकं खोबरं, कढीपत्ता, मिरच्या, भाजणीचं सामान, अर्धा किलो मैदा, गूळ. कंदिलासाठी बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद. पुण्यात असाल तर कामट्यांना बुरूड आळी, बाकी शहरांत टोपल्या-सुपं विकणाऱ्यांकडे मिळतात.

रात्री झोपताना तीन छोटी कामं. कढीपत्ता आणि मिरच्या धुवून पुसून फडक्यावर पंख्याखाली पसरा, याचं कारण चिवड्यात सांगतो. पणत्या बादलीभर पाण्यात बुडवा, सुरुवातीला बुडबुडे येतील ते बंद होईपर्यंत तरी राहू द्या, रात्रभर राहिल्या तरी चालतात, कोरी मातीची पणती नाहीतर निम्मं तेल स्वतःच पिऊन टाकते. आणि भिंतीजवळचं फर्निचर हलवून त्यावर जुन्या चादरी.

शनिवार सकाळ: भिंत, तांदूळ, पोहे, याच क्रमाने

सातला प्लास्टिक काढा. आतून ओलं निघालं तर माझा सल्ला ऐका, या दिवाळीत पुट्टी-रंग विसरा. सुटे पापुद्रे आणि भुकटी खरवडून काढा, भिंत उघडी ठेवा, तिला श्वास घेऊ द्या, गळती बंद करा आणि रंग डिसेंबरात द्या. पाहुणे येणार म्हणून लाज वाटत असेल तर समोर एखादा कापडी पडदा सोडा, भिंतीपासून वीतभर लांब. कपाट चिकटवून लपवलंत तर कपाटाच्या पाठीलाही बुरशी धरेल.

कोरडी निघाली तर पुढे. काळी-हिरवी बुरशी असेल तर कोरडी खरवडू नका, ती हवेत उडते. एक भाग घरगुती ब्लीच दहा भाग पाण्यात, स्पंजने लावा, १५ मिनिटांनी पुसून घ्या, हातमोजे आणि मास्क घालून, खिडकी उघडी ठेवून. आणि ब्लीचमध्ये ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. पुसल्यावर जागा कोरडी होऊ द्या, मगच पुढचं.

पुढचं काम पत्र्याचं. जिथे टकटक केल्यावर पोकळ आवाज येतो तिथपर्यंत सुटं सगळं काढायचं, पक्क्या रंगापर्यंत पोचेपर्यंत थांबू नका. कडेला १२० नंबरचा पेपर मारा म्हणजे जुना रंग आणि उघडं प्लास्टर यांच्यातली पायरी कमी होते. धूळ ब्रशने झटका. बारीक चीर असेल तर तिला पत्र्याच्या टोकाने थोडी रुंद करा, व्ही आकाराची खाच पाडा, नुसती वरून पुट्टी फिरवली तर ती आत शिरतच नाही.

पुट्टी कालवताना एका किलोला साधारण ३६० ते ४०० मिली पाणी. पाण्यात पुट्टी टाकत जा, उलटं नाही, गुठळ्या राहात नाहीत. ढवळून दहा मिनिटं ठेवा, पुन्हा ढवळा. श्रीखंडाइतकी घट्ट हवी. एका वेळी किलो-दीड किलोच कालवा कारण दोनतीन तासांत ती घट्ट व्हायला लागते आणि मग वरून पाणी घालून सैल केलेली पुट्टी नंतर भुकटीसारखी सुटते. भिंतीवर ओला स्पंज फिरवायचा, नुसती दमट करायची, आणि खालून वर अशी पातळ पुट्टी ओढायची. एक दीड मिलिमीटरच्या वर थर नको. खड्डा खोल असेल तर दोनदा भरा पण एकदम थापू नका, जाड थराला तडे जातात. साडेनऊ दहापर्यंत पहिला हात होतो, दुसरा दुपारी तीनच्या सुमारास.

हे चालू असताना घरातल्या दुसऱ्या माणसाने तांदळाकडे बघायचं. पाणी निथळून स्वच्छ सुती कापडावर पंख्याखाली, सावलीत. उन्हात नाही. तासाभराने मूठभर उचलून बघा, हाताला गारसर ओलावा लागला पाहिजे पण दाणे तळव्याला चिकटता कामा नयेत. बरोबर त्या क्षणी मिक्सरमध्ये दळायला घ्या. हा क्षण चुकला आणि तांदूळ खडखडीत वाळले तर ते साधं तांदळाचं पीठ, त्याचे अनारसे होत नाहीत. बारीक चाळणीने चाळा, वर राहिलेली कणी पुन्हा दळा. एक वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी किसलेला साधा पिवळा गूळ आणि चमचाभर तूप, पाण्याचा थेंबही नाही. सुरुवातीला कोरडं वाटेल, गूळ सुटला की आपोआप गोळा होतो. गोळे करून डब्यात. हे आता चारपाच दिवस मुरणार, तुम्ही त्याच्याकडे बघायचंही नाही.

पोहे नऊला बाल्कनीत किंवा गच्चीवर, ताटात पसरून वर पातळ ओढणी किंवा मलमलचं कापड, कबुतरांचा बंदोबस्त करून. दोनतीन तास पुरे. त्याच उन्हात दुसऱ्या चादरीवर चकलीच्या भाजणीचं धुतलेलं धान्य. आमच्याकडचं प्रमाण ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, आणि न धुता नंतर भाजायला अर्धी वाटी धने, पाव वाटी जिरे. पणत्या पाण्यातून काढून त्यांच्याच शेजारी पालथ्या. बाल्कनी आग्नेय किंवा दक्षिणेकडे असेल तर मजा आहे, नसेल तर गच्चीची किल्ली आदल्या दिवशीच वॉचमनकडून घेऊन ठेवा.

शनिवार दुपार: पुट्टी वाळतेय तोवर नळ, दरवाजा, वायर

गळका नळ. आधी त्या नळाचा खालचा अँगल कॉक किंवा टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह बंद करा, मग नळ सोडून पाइपमधलं पाणी जाऊ द्या, मग पाना. जुन्या पद्धतीचा, तीनचार वेळा फिरवायला लागणारा नळ असेल तर आत रबरी वॉशर असतो, झिजलेला असतो, तो बदलला की काम झालं. अर्ध्या फेरीत उघडणारा नळ असेल तर त्यात वॉशर नसतो, आख्खं सिरॅमिकचं स्पिंडल असतं, ते काढून दुकानात दाखवून तसंच आणायचं, कारण प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे. नळ भिंतीतून पूर्ण काढला असेल तर आट्यांवर टेफ्लॉन टेप आटे आवळायच्या दिशेने, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, आठदहा वेढे ताणून. उलटी गुंडाळली की नळ बसवताना ती सुटत जाते.

लाकडी दरवाजा पावसात फुगून चौकटीला घासतोय? रंधा मारू नका. आत्ता नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात हवा कोरडी झाली की लाकूड आपसूक आक्रसतं आणि आज रंधलेल्या दारात तेव्हा बोटभर फट दिसते. घासणाऱ्या कडेला मेणबत्ती किंवा कोरडा साबण चोळा, तेवढ्यावर निभतं. दार खाली ओघळलं असेल तर बहुधा वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल असतात, भोक मोठं झालेलं असतं. स्क्रू काढा, भोकात फेव्हिकॉल लावलेल्या दोनतीन काडेपेटीच्या काड्या (गूल तोडून) ठोका, बाहेर आलेलं टोक कापा, तासाभराने स्क्रू परत पिळा. सुताराला बोलवायची गरज नाही.

मग लाइटिंगच्या माळा. मागच्या वर्षीची माळ आहे तशी प्लगात खुपसण्याआधी हातात घेऊन वितभर-वितभर सरकवत बघा, उंदराने कुरतडलेली, चिमटलेली, उघडी तार दिसतेय का. एका ठिकाणी तुटली असेल तर सोलून पिळून इन्सुलेशन टेप, सेलोटेप नाही. दोनतीन ठिकाणी गेली असेल तर टाकून द्या, शंभर दीडशे रुपयांसाठी जीव धोक्यात घालण्यात काय अर्थ आहे. बाल्कनीत पाऊस लागू शकतो तिथे जोड उघड्यावर ठेवू नका. आणि घरच्या डीबीमध्ये, म्हणजे मेन स्विचच्या पेटीत, आरसीसीबी म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच असेल, त्यावर टी लिहिलेलं छोटं बटण असतं, ते दाबून बघा. खटकन सगळं बंद झालं पाहिजे. दाबूनही काही झालं नाही तर सोमवारीच इलेक्ट्रिशियन. फ्रिज, राउटर बंद पडतील तेवढ्यापुरते, मुलांची आरडाओरड होईल, होऊ दे.

तीनला पुट्टीचा दुसरा हात, आणि सगळं वाळवण आत.

पंखे पुसायचे तर जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवून ओढून घ्या, धूळ अभ्र्यातच राहते, खाली पडत नाही. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टचं चिकट तेल गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून निघतं, पण पाती ॲल्युमिनियमची असतील तर सोडा नको, ती काळी पडतात, तिथे भांड्यांचं लिक्विडच बरं. बाकी झाडलोट आज करूच नका. उद्या सकाळी पुट्टी घासल्यावर घरभर पांढरी धूळ होणार आहे, आजची सगळी मेहनत पाण्यात.

शनिवार संध्याकाळ: कंदिलाचा सांगाडा

बाजारात प्लास्टिकचे कंदील दोनतीनशेला मिळतात, छानही दिसतात, पण एकदा घरी कामट्यांचा करून बघा. पारंपरिक आकार दिसायला अवघड आणि बांधायला सोपा आहे. एकूण सहा चौकोन. नऊ इंची २४ कामट्या कापा, पेन्सिलच्या निम्म्या जाडीच्या, कडेची कुसं पॉलिश पेपरने काढून, नाहीतर मुलांच्या बोटात शिरतात. चारचार कामट्यांचे सहा चौकोन दोऱ्याने बांधायचे, प्रत्येक कोपऱ्यावर तिरके पाचसहा वेढे, गाठ, वर फेव्हिकॉलचा थेंब. चौकोन हातात धरल्यावर लुळे पडतील, इकडे-तिकडे कलतील, घाबरू नका.

आता चार चौकोन घ्या आणि पतंगासारखे टोकावर उभे धरा. शेजारशेजारच्या टोकांना टोकं बांधत गोल पूर्ण करा. या कड्याला वर चार टोकं आणि खाली चार टोकं मोकळी दिसतील. पाचव्या चौकोनाचे चार कोपरे वरच्या चार टोकांना, सहाव्याचे खालच्या चारांना. शेवटची गाठ मारली की एक गंमत होते, मगाचपर्यंत लुळं असलेलं सगळं बऱ्यापैकी आकार धरतं, कारण चौकोनांच्या मध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार झालेले असतात आणि त्रिकोणाला कलता येत नाही. पाचवी-सहावीतल्या पोराला भूमिती शिकवायची असेल तर याहून बरं साधन नाही. कंदील साधारण पावणेतेरा इंच उंच आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दीड फूट रुंद होतो, तुमच्या बाल्कनीत वाकल्याशिवाय जाता येईल ना ते आधीच बघा. छोटा हवा तर कामट्या सहा इंची. सांगाडा रात्रभर तसाच वाळू दे.

रात्री जेवणं झाली की खिडकीच्या आतल्या बाजूचं सिलिकॉन. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण कापून काढा, नव्याला जुन्यावर पकड मिळत नाही. खाली स्लायडिंगच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजलेली असतील, टूथपिकने मोकळी करा, पावसात खिडकीतून पाणी आत येण्याचं निम्मं कारण तीच असतात, आणि ती भोकं सिलिकॉनने बुजवू नका म्हणजे झालं. जागा पूर्ण कोरडी हवी. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, ट्यूबचं टोक तिरकं कापा, एका हाताने न थांबता ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवा आणि टेप लगेच, ओलं असतानाच काढा. २४ तास हात लावायचा नाही. बाहेरच्या बाजूने मात्र वरच्या मजल्यावरून वाकून काही करायला जाऊ नका, त्यासाठी दोर लावून काम करणारी माणसं असतात.

रविवार सकाळ: धूळ, मग रंग

सातला स्वयंपाकघराचं दार बंद, खाली ओलं फडकं, मास्क, आणि २२० नंबरचा पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून पुट्टीवर गोल-गोल हलका हात. नुसत्या बोटांनी घासलंत तर बोटांच्या लाटा भिंतीवर उमटतात. मोबाइलचा टॉर्च भिंतीला समांतर धरून बघा, खड्डे-उंचवटे लगेच दिसतात. धूळ ओल्या फडक्याने पुसली की साडेआठपर्यंत प्रायमर. तो सुकायला चारेक तास.

रंगाबद्दल एकच सांगतो. नुसता पॅच रंगवू नका. डब्यावरचा नंबर तोच असला तरी भिंतीवरचा जुना रंग उन्हाने, धुराने उतरलेला असतो आणि पॅच ठिगळासारखा दिसतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती एक भिंत पूर्ण करा. दहा बाय दहाची भिंत म्हणजे १०० चौरस फूट, एक लिटरमध्ये दोन हात होतात. पहिला हात दुपारी एकला, दुसरा संध्याकाळी सहाला.

प्रायमर सुकतोय त्या वेळात घरभर झाडलोट, एकदाच, वरून खाली. पितळेची भांडी, समया चिंच-मीठ किंवा पितांबरीने घासून लगेच धुवून कोरड्या फडक्याने पुसा, पाणी तसंच वाळू दिलंत तर तासाभरात डाग.

रविवार दुपार: कढई

दहाअकराला घर स्वच्छ झालं की मगच स्वयंपाकघर उघडायचं. आधी भाजणी, कारण ती कोरडी. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर, तांदूळ हलके होईपर्यंत, डाळी खमंग वास येईपर्यंत, धने-जिरे शेवटी नुसते गरम. गार झाल्यावर पिशवीत भरून ठेवा, सोमवारी गिरणीत. गिरणीवाल्याला सांगा, गव्हाच्या मागे नको, डाळीच्या मागे दळून दे. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिथे पिशव्यांची रांग लागते, त्यापेक्षा आत्ताच.

शंकरपाळ्यांचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं, एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर, साखर विरघळेपर्यंत गरम, गार करून मावेल तेवढा मैदा, चारपाच वाट्या जातो. तासभर झाकून ठेवा, जाडसर लाटा, मंद तळा. मोठ्या आचेवर वरून तांबूस आणि आत कच्चे राहतात.

चिवड्यात मात्र मी कुणाचं ऐकत नाही. उन्हात तापलेले पोहे मोठ्या कढईत थोडेथोडे, मंद आचेवर, झाऱ्याने न दाबता हलवत. बोटात चुरडल्यावर कुरकुरीत भुगा झाला की बास. घाई करून आच वाढवली की पोहे आक्रसतात आणि गोळा होतात. अर्धा किलोला वाटीभर तेल. आधी त्यात शेंगदाणे तळून बाजूला, मग खोबऱ्याचे काप, मग डाळं, प्रत्येक वेगळं, कारण प्रत्येकाचा तांबूस व्हायचा वेळ वेगळा. उरलेल्या तेलात मोहरी, मिरचीचे तुकडे पार कुरकुरीत होईपर्यंत, मग कढीपत्ता, पानं वाजली पाहिजेत. शुक्रवारी रात्री हे पसरून ठेवायला सांगितलं ते याच्यासाठी, मिरचीतलं आणि पानांतलं पाणी राहिलं तर चौथ्या दिवशी चिवडा मऊ. हिंग, गॅस बंद, मग हळद, म्हणजे ती जळत नाही. पोहे, तळलेलं सगळं, मीठ, पिठीसाखर, हलक्या हाताने. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका. आणि डबा सगळ्यात वरच्या फळीवर, लेबल लावायचं तर साबुदाणा लिहा, नाहीतर वसुबारसेपर्यंत तळ दिसतो.

चकली आणि करंजी या वीकेंडला नाहीच. त्या ताज्याच बऱ्या.

रविवार संध्याकाळ: कागद आणि दिवा

दोन चमचे मैदा कपभर थंड पाण्यात कालवून शिजवा, पारदर्शक झाली की खळ तयार. पतंगी कागदाला फेव्हिकॉल जाड लागला तर सुरकुत्या पडतात, खळ बरी. मधल्या चार चौकोनांना एक रंग, आठ त्रिकोणांना दुसरा. कागद प्रत्येक बाजूने अर्धा इंच मोठा कापा, कोपरे छाटा, कडा कामटीवरून आत दुमडून चिकटवा. साधारण २० बाय ३० इंची एका कागदात चारही चौकोन बसतात आणि दुसऱ्या एका कागदात आठ त्रिकोण, त्रिकोण उलटसुलट मांडले तर. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा, दिव्याची उष्णता बाहेर जायला हवी. खालच्या चौकोनाला झिरमिळ्या, बाजूच्या चार कोपऱ्यांना शेपट्या, तिथे मुलांना मोकळं सोडा. पणत्यांवर रंगही त्यांनाच.

दिवा ५ ते ७ वॅटचा एलईडी, जुना पिवळा बल्ब कागदाजवळ नकोच. कंदिलाचं वजन वायरवर टाकू नका, वरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधून त्या वर एकत्र गाठीत घ्या, ती गाठ हुकाला, वायर सैल आणि होल्डर मधोमध. टांगायचा वसुबारसेला, तोवर कापडात गुंडाळून कपाटावर.

मुलांचा किल्ला याच दिवसांत उभा राहतो, त्याचं एकच सांगतो, मातीत अळीव किंवा मोहरी दिवाळीच्या पाचसहा दिवस आधी पेरा आणि रोज हाताने पाणी शिंपडा, मग मावळे ठेवायच्या वेळी डोंगर हिरवा होतो.

आता उरलं अनारशाचं पीठ. गुरुवार-शुक्रवारकडे डबा उघडा, एक छोटा गोळा खसखशीवर थापून मंद तुपात सोडा, खसखस वरच्या बाजूला, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. जाळी पडली तर पीठ तयार. कढईत हसला, म्हणजे फुटून पसरला, तर गूळ जास्त झालाय, पिठात चमचाभर तांदळाची पिठी मळा. दगडासारखा कडक झाला तर थोडं कुस्करलेलं केळं किंवा दोन चमचे दूध घालून मळा, दोन तास ठेवा आणि पुन्हा एक तळून बघा.